गॅरेजची खोली करायची आहे: इंग्लंडमधील प्लॅनिंग परमिशन आणि बांधकामाचे नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून पुढील प्रश्न सातत्याने येतात. निमित्त बहुधा एकच असते: आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतात, त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तळमजल्यावर निजायला खोली नसते आणि गॅरेजमध्ये गाडीऐवजी रिकामी खोकी व जुन्या सुटकेस पडलेल्या असतात. येथील उत्तरे इंग्लंडपुरती आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडविषयी प्रश्न १५ पाहावा.

१. गॅरेजची खोली करायला परवानगी लागते की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण येथे दोन वेगवेगळ्या परवानग्यांचा प्रश्न आहे आणि बहुतेक घोटाळे त्या दोन एकच समजल्यामुळे होतात. प्लॅनिंग परमिशन ही जागेचा वापर, घराचे बाह्यरूप, शेजाऱ्यांवर होणारा परिणाम आणि पार्किंग यांच्याशी संबंधित असते. बिल्डिंग रेग्युलेशन्स हे बांधकाम सुरक्षित, कोरडे, उबदार आणि हवेशीर आहे की नाही ते पाहतात, आणि त्यांची तपासणी बिल्डिंग कंट्रोलकडून होते. घराला जोडून असलेल्या गॅरेजला पहिली परवानगी बहुतेक वेळा लागत नाही. दुसरी जवळजवळ नेहमीच लागते. “अहो, याला परमिशन लागत नाही” असे बिल्डर सांगतो तेव्हा तो फक्त पहिलीविषयी बोलत असतो, आणि तेही आपल्या घराची कागदपत्रे न पाहता.

२. प्लॅनिंग परमिशन का लागत नाही? मोठे बांधकाम आहे, तरीही?

१९९०च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्टच्या कलम ५५नुसार, इमारतीच्या केवळ आतल्या भागात केलेले किंवा बाह्यरूपात लक्षणीय फरक न पाडणारे काम ‘डेव्हलपमेंट’ या व्याख्येतच बसत नाही, आणि जे डेव्हलपमेंट नाही त्याला परवानगीही लागत नाही. घराला जोडलेले गॅरेज हा घराचाच भाग असल्याने तेथे मोटारीऐवजी माणसे राहू लागली, म्हणून जागेचा वापर कायद्याच्या दृष्टीने बदलत नाही. राहता राहिले ते पुढचे मोठे दार काढून तेथे भिंत आणि खिडकी बसवण्याचे काम. ते सहसा २०१५च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरमधील ‘क्लास ए’खाली आपोआप मान्य असते, मात्र वापरलेले साहित्य दिसायला मूळ घराशी मिळतेजुळते असले पाहिजे. लाल विटांच्या घराला पांढऱ्या रेंडरचा (गिलाव्याचा) एकच तुकडा लावला तर ही अट मोडते, आणि तो तुकडा रस्त्यावरून सगळ्यांना दिसतो.

३. मग प्लॅनिंग परमिशन नेमकी कोणत्या घरांना लागते?

सर्वांत जास्त फसगत नव्या वसाहतींमधील घरांची होते. विकासकाला मूळ परवानगी देताना कौन्सिल अनेकदा अशी अट घालते की गॅरेज कायमस्वरूपी वाहने उभी करण्यासाठीच राखावे. अशी अट असेल तर वरच्या उत्तरातील सवलतीचा काही उपयोग होत नाही, कारण काम आतले असले तरी अटीचा भंग होतोच. घर घेताना वकिलाने पाठवलेल्या जाड गठ्ठ्यात हा कागद असू शकतो, पण तो बहुतेकांनी वाचलेला नसतो.

अट शोधण्याची पद्धत सोपी आहे. कौन्सिलच्या प्लॅनिंग संकेतस्थळावर केवळ आपल्या घराचा पत्ता टाकून थांबू नये, कारण वसाहतीची मूळ परवानगी आपला रस्ता अस्तित्वात येण्यापूर्वीची असते आणि ती जुन्या शेताच्या, कारखान्याच्या किंवा शाळेच्या नावाने नोंदलेली असते. नकाशावरून जागा निवडून त्या काळातील मोठा अर्ज शोधावा, त्यातील ‘डिसिजन नोटिस’ हा कागद उघडावा आणि सर्व अटी शेवटपर्यंत वाचाव्यात. गॅरेजची अट सहसा झाडे, कुंपण आणि सांडपाणी यांच्या अटींनंतर कुठेतरी असते. परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क, म्हणजे अर्ज न करता ठरावीक कामे करण्याची मुभा, काढून घेणारी सर्वसाधारण अटही तेथेच आढळते.

याखेरीज पुढील प्रकरणांत अधिक सावध राहावे. फ्लॅट आणि मेझोनेट यांना घरांसाठीचे परमिटेड डेव्हलपमेंट हक्क मुळातच नाहीत. कार्यालय, दुकान किंवा धान्याचे कोठार यांचे परमिटेड डेव्हलपमेंटखाली घर झालेले असेल, तर तेथेही ते मिळत नाहीत. काँझर्वेशन एरियामध्ये, म्हणजे जुने रूप जपण्यासाठी ठरवलेल्या भागात, कौन्सिलने ‘आर्टिकल ४’चा आदेश काढून हे हक्क मर्यादित केलेले असू शकतात. घर ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा इमारतींच्या संरक्षित यादीतले, असेल, तर त्याचे वैशिष्ट्य बदलणाऱ्या आतल्या कामालाही वेगळी संमती लागते, आणि तिच्याशिवाय केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरतो.

४. आमच्या वसाहतीत अशी अट निघाली. आता विषय संपला का?

नाही. अट शिथिल करण्यासाठी किंवा थेट गॅरेजच्या रूपांतरासाठी अर्ज करता येतो. घरातील बदलासाठीच्या सर्वसाधारण अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी ५२८ पौंड झाले होते आणि ते महागाईनुसार दरवर्षी बदलते, म्हणून भरण्यापूर्वी चालू आकडा पाहावा. निर्णयासाठी आठ आठवड्यांची मुदत असते, आणि नकार आल्यास बारा आठवड्यांच्या आत अपील करता येते.

अधिकाऱ्याला एकाच गोष्टीचे उत्तर हवे असते: गॅरेज गेल्यावर गाड्या कुठे उभ्या राहणार? घरासमोर दोन गाड्यांची जागा मोजमापासह नकाशावर दाखवता आली तर अर्ज बळकट होतो. “गॅरेज इतके अरुंद आहे की आजची गाडी आत नेली तर दार उघडत नाही” हा मुद्दाही आतली मापे देऊन अवश्य लिहावा. आई-वडिलांच्या गुडघेदुखीचे वर्णन मात्र आटोपशीर ठेवावे. सहानुभूती वाटली तरी निर्णय प्रामुख्याने पार्किंगवर होतो.

पार्किंगसाठी पुढची बाग फरसबंद करणार असाल तर एक नियम लक्षात घ्यावा. घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडे, पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारे आवरण घातले आणि पाणी स्वतःच्या आवारात जिरवण्याची सोय केली नाही, तर त्या फरसबंदीलाच प्लॅनिंग परमिशन लागते. गाडी पदपथावरून आत नेण्यासाठी कडेचा दगड खाली करून घेण्याची परवानगी रस्ते विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

५. परवानगी लागत नसेल तर ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ कशासाठी घ्यायचे?

कायद्याने ते सक्तीचे नाही. तरीही घर पुढे विकण्याचा विचार असेल तर ते घ्यावे, असे आमचे मत आहे. प्रस्तावित कामासाठी त्याचे शुल्क नेहमीच्या अर्जाच्या निम्मे असते आणि त्यात शेजाऱ्यांच्या आवडीनिवडीला स्थान नसते; काम कायदेशीर आहे की नाही एवढेच ठरते. दहा वर्षांनी खरेदीदाराचा वकील “परवानगी कुठे आहे?” असे विचारील, तेव्हा “लागत नव्हती” या तोंडी उत्तरापेक्षा हा कागद पुढे करणे सोपे जाते.

६. बिल्डिंग कंट्रोलकडे ‘फुल प्लॅन्स’ द्यावेत की ‘बिल्डिंग नोटिस’ पुरेशी आहे?

दोन्ही मार्ग खुले आहेत. फुल प्लॅन्समध्ये आराखडे आधी तपासले जातात आणि सहसा पाच आठवड्यांत, किंवा आपल्या संमतीने आठ आठवड्यांत, निर्णय मिळतो. बिल्डिंग नोटिस दिल्यावर जवळजवळ लगेच काम सुरू करता येते, पण कोणताही आराखडा मंजूर झालेला नसतो. चूक असेल तर ती काम झाल्यावर कळते आणि तोडफोडीचा खर्च मालकाच्या माथी येतो. बिल्डरांना नोटिस आवडते, कारण त्यात आराखडा काढावा लागत नाही. या कामाचा अनुभव नसलेल्या बिल्डरला काम देणार असाल, तर फुल प्लॅन्सचाच आग्रह धरावा.

कौन्सिलऐवजी नोंदणीकृत खासगी बिल्डिंग कंट्रोल अ‍ॅप्रूव्हरही नेमता येतो. मार्ग कोणताही असो, शेवटी ‘कम्प्लीशन सर्टिफिकेट’ हातात आल्याशिवाय बिल्डरचा अखेरचा हप्ता देऊ नये.

७. इन्स्पेक्टर नेमके काय पाहतो? भिंती आणि छप्पर तर आधीच उभे आहे.

उभे आहे ते गाडीसाठी. गॅरेजची भिंत अनेकदा एकेरी विटांची किंवा ब्लॉकची असते, मध्ये पोकळी नसते, आणि पाऊस लागून आतून ओल येते. अशा भिंतीला आतल्या बाजूने ओल रोखणारा थर, इन्सुलेशन आणि प्लास्टरबोर्ड असे अस्तर द्यावे लागते. जुन्या भिंतीला आतून इन्सुलेशन केल्यावर यू-व्हॅल्यू साधारण ०.३० आणि फरशीची ०.२५ यावी, तर दाराच्या जागी बांधलेल्या नव्या भिंतीची ०.१८ आणि नव्या खिडकीची १.४ यावी, अशी इंग्लंडच्या मार्गदर्शक दस्तऐवजांची अपेक्षा आहे. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी निसटते. या अस्तरामुळे खोली प्रत्येक बाजूने दहा-बारा सेंटीमीटर आत येते, हे पलंग विकत घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

फरशी हा दुसरा मुद्दा. गॅरेजची फरशी घरापेक्षा सहसा एका पायरीने खाली असते आणि पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे उतरती असते. ती ओल रोखणारा प्लॅस्टिकचा पडदा आणि इन्सुलेशन घालून घराच्या पातळीला आणली जाते, आणि वृद्धांसाठी उंबरठ्याची अडचणही त्यात मिटते. पण शेजारच्या दिवाणखान्याची जमीन लाकडी असेल तर थांबावे. तिच्या खालच्या पोकळीत वारा खेळावा म्हणून गॅरेजकडील भिंतीत जाळीदार विटा, म्हणजे एअर ब्रिक्स, असू शकतात. गॅरेजची फरशी उंचावताना त्या बुजल्या, तर काही वर्षांत दिवाणखान्याची लाकडे कुजू लागतात. उपाय साधा आहे: नव्या फरशीखालून पाइप टाकून ती हवा बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावी. मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वी कुणाच्या तरी लक्षात आले पाहिजे.

तिसरा मुद्दा दाराच्या जागी येणाऱ्या भिंतीचा. गॅरेजच्या तोंडाशी फरशीखाली पाया असेलच असे नाही, कारण तेथे भिंतीचे वजन कधी पडणारच नव्हते. इन्स्पेक्टर एक छोटा खड्डा खणून दाखवायला सांगतो. पाया अपुरा असेल तर नवा घालावा लागतो किंवा जमिनीलगत लिंटेल (आडवी तुळई) टाकून भार दोन्ही बाजूंच्या पायांवर न्यावा लागतो. नवा पाया सार्वजनिक सांडपाणी वाहिनीच्या तीन मीटरच्या आत येत असेल, तर पाणी कंपनीचीही संमती घ्यावी लागते.

सपाट छप्पर असेल तर तेथेही इन्सुलेशन येते. २०००पूर्वीच्या गॅरेजवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील, तर त्यात अ‍ॅसबेस्टस असण्याची शक्यता धरून चालावे आणि तपासणीपूर्वी ते कापू, घासू किंवा फोडू नयेत.

८. खिडकी किती मोठी हवी? शेजारून दिसू नये म्हणून वर लहानशी झडप ठेवली तर चालेल का?

झोपण्याच्या खोलीला सहसा चालत नाही. तळमजल्यावरील राहण्याची खोली थेट बाहेरच्या दाराकडे नेणाऱ्या हॉलमध्ये उघडत नसेल, तर आगीच्या वेळी सुटकेसाठी खिडकी लागते. तिचा उघडणारा मोकळा भाग किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर आणि खालची कड फरशीपासून १,१०० मिलिमीटरपेक्षा उंच नको. गॅरेजच्या खोल्या बहुधा स्वयंपाकघरातून किंवा दिवाणखान्यातून उघडतात, म्हणून हा नियम त्यांना हमखास लागू होतो. शिवाय हवेसाठी, पुरेशा कोनात उघडणाऱ्या खिडकीचा उघडणारा भाग खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-विसांश असावा. सोळा चौरस मीटरच्या खोलीला तो ०.८ चौरस मीटर होतो. आडोसा हवा असेल तर धूसर काच लावावी, खिडकी लहान करू नये. वीजजोडणीवर चालणारा आणि बॅटरीची पूरक सोय असलेला धूर-सूचकही लागतो.

९. फरशी उंचावल्यावर छत फारच खाली येईल. किमान उंचीचा नियम काय आहे?

राहण्याच्या खोलीच्या छताला इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये किमान उंची दिलेलीच नाही. दोन मीटरचा जो आकडा ऐकू येतो तो जिन्यावरील मोकळ्या जागेचा आहे. तरीही २.१ मीटरखाली गेल्यास खोली कोंदट वाटते आणि छताला पंखा लावण्याची आशा सोडावी लागते.

१०. निम्मे गॅरेज खोलीसाठी आणि निम्मे सामानासाठी ठेवले तर नियमांतून सूट मिळते का?

सूट मिळत नाही, उलट एक भिंत वाढते. उरलेला भाग गॅरेजच राहिला, तर मधल्या भिंतीला आणि तीत दार असल्यास त्यालाही अर्धा तास आग थोपवता आली पाहिजे. सांडलेले पेट्रोल घरात येऊ नये म्हणून दाराचा उंबरा गॅरेजच्या फरशीपासून १०० मिलिमीटर उंच हवा, किंवा फरशीला बाहेरच्या बाजूने उतार हवा. फायदा एवढाच की पुढचे दार तसेच राहते, त्यामुळे बाह्यरूपाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न ३ मधील अट मात्र तशीच लागू राहते, कारण उरलेल्या भागात गाडी मावत नाही.

११. बॉयलर आणि मीटर गॅरेजमध्येच आहेत. ते हलवावे लागतील का?

बहुधा नाही. पण बॉयलरचा धूर जेथून बाहेर पडतो ते तोंड नव्या उघडणाऱ्या खिडकीच्या फार जवळ येता कामा नये, आणि दुरुस्तीसाठी जागा राहिली पाहिजे. हे गॅस सेफ नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. नव्या वीजकामासाठी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन नेमल्यास तो स्वतःच्या कामाचे प्रमाणपत्र देतो. ते जपून ठेवावे.

१२. आई-बाबांसाठी आतच न्हाणीघर आणि छोटा स्वयंपाकाचा ओटा करता येईल का?

न्हाणीघर आणि शौचालयाला अडचण नाही. सांडपाण्याचा उतार आणि हवा बाहेर टाकणारा पंखा एवढे पाहिले जाते. स्वयंपाकाच्या सोयीने मात्र चित्र बदलते. स्वतंत्र प्रवेशद्वार, न्हाणीघर आणि ओटा हे सगळे एकत्र आले, की ती जागा वेगळे राहते घर आहे का, हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो. प्लॅनिंगच्या दृष्टीने वेगळे घर निर्माण करायला परवानगी लागते; कुटुंब एकत्रच राहत असेल आणि ये-जा आतून असेल तर सहसा तसे मानले जात नाही. कौन्सिल टॅक्सच्या दृष्टीने मात्र स्वतंत्रपणे राहता येईल अशी रचना असल्यास त्या भागाला वेगळा बँड मिळू शकतो.

त्यावर सवलती आहेत. ६५ वर्षांवरील किंवा अपंग अवलंबित नातेवाइकाचे ते मुख्य निवासस्थान असेल तर माफी मिळू शकते, आणि नातेवाईक राहत असल्यास किंवा घरचेच लोक ती जागा वापरत असल्यास ५० टक्के सवलत आहे. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांचे मुख्य निवासस्थान पुणे किंवा सांगलीच राहते, त्यामुळे पहिली माफी त्यांच्या नावाने मागता येत नाही. एवढ्यासाठी ओटा करण्यापेक्षा चहाची किटली ठेवण्यापुरती जागा ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

१३. आमचे गॅरेज घरापासून सुटे आहे. नियम तेच का?

सुट्या गॅरेजमध्ये कामाची खोली, व्यायामाची जागा किंवा तबला-पेटीचा रियाज यांना सहसा प्लॅनिंगची अडचण येत नाही. निजण्याची सोय केली की ते घराला पूरक न राहता राहण्याची जागा ठरते, आणि तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी प्रश्न ५ मधील सर्टिफिकेटसाठी अर्ज करणे शहाणपणाचे. बांधकामाच्या नियमांतही हीच रेषा आहे: पंधरा चौरस मीटरपर्यंतच्या आणि निजण्याची सोय नसलेल्या सुट्या इमारतीला बिल्डिंग रेग्युलेशन्स सहसा लागू होत नाहीत, तेथे कोणी झोपणार असेल तर लागू होतात.

१४. तयार खोली भाड्याने दिली, किंवा तेथून डबे करून विकले, तर?

घरातलीच खोली एका भाडेकरूला देणे आणि गॅरेज वेगळे घर म्हणून भाड्याने देणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला परवानगी लागते, आणि कौन्सिल्स याकडे काणाडोळा करत नाहीत. स्लाउ कौन्सिलने २०१३ मध्ये उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले विमान शहरावरून फिरवून लोक राहत असलेली मागच्या अंगणातील बांधकामे शोधली होती.

डब्यांचा व्यवसाय लहान असेल, नोकर नसतील आणि दारात गाड्यांची रांग लागत नसेल, तर घराचा मूळ वापर बदलला असे सहसा मानत नाहीत. मात्र खाद्यव्यवसायाची नोंदणी सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे करावी लागते; ती विनाशुल्क असते. प्रश्न ३ मधील अटी येथेही वाचाव्यात, कारण काही वसाहतींत व्यवसायालाच मनाई असते.

१५. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये काय?

वेल्सचे प्लॅनिंगचे आणि बांधकामाचे नियम आता वेगळे आहेत. स्कॉटलंडमध्ये काम सुरू करण्यापूर्वी ‘बिल्डिंग वॉरंट’ घ्यावे लागते; तेथे बिल्डिंग नोटिससारखी पळवाट नाही. वरील आकडे तेथे वापरू नयेत.

१६. कौन्सिल हो म्हणाली, की आणखी कुणाला विचारायचे असते?

असते. घराच्या मालकी हक्काच्या कागदांत विकासकाने घातलेली बंधने प्लॅनिंगपासून स्वतंत्र असतात आणि ती तोडल्यास दिवाणी दावा होऊ शकतो. कर्ज देणाऱ्या बँकेला आणि विमा कंपनीला आधी कळवावे. शेजाऱ्याशी सामाईक भिंतीत काम असेल किंवा त्याच्या इमारतीच्या तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल, तर १९९६च्या पार्टी वॉल अ‍ॅक्टखाली लेखी नोटिस द्यावी लागते: सामाईक भिंतीसाठी दोन महिने आधी, खोदकामासाठी एक महिना.

नव्या वसाहतींत एक वेगळाच प्रकार भेटतो. आपले गॅरेज दुसऱ्याच्या छोट्या घराच्या, म्हणजे ‘कोच हाउस’च्या, खाली असते आणि ते आपल्याला केवळ लीजवर मिळालेले असते. तेथे खोली करण्याचा विचार सोडून द्यावा.

१७. आधीच्या मालकाने गॅरेजची खोली केली आहे, पण एकही कागद नाही. आता घर विकायचे आहे.

दोन बाबी पुन्हा वेगळ्या कराव्यात. प्लॅनिंगमध्ये, काम २५ एप्रिल २०२४ पूर्वी बहुतांशी पूर्ण झाले असेल तर परवानगीविना केलेल्या बांधकामावर चार वर्षांनंतर कारवाई होऊ शकत नाही; त्यानंतरच्या कामांसाठी इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षे झाली आहे. गॅरेज पार्किंगसाठी राखण्याच्या अटीचा भंग मात्र आधीपासूनच दहा वर्षांच्या मुदतीत येतो, आणि ‘चार वर्षे झाली, आता काही होत नाही’ हा सल्ला तेथे चुकीचा ठरतो. लिस्टेड इमारतीला मुदतच नाही.

बिल्डिंग रेग्युलेशन्ससाठी कौन्सिलकडून ‘रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट’ मागता येते. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांना ही सोय आहे. इन्स्पेक्टर काही ठिकाणी प्लास्टरबोर्ड उघडायला लावतो आणि उणीव असल्यास ती दुरुस्त करायला सांगतो. दुसरा मार्ग म्हणजे इन्डेम्निटी विमा. तो स्वस्त पडतो आणि वकिलांना सोयीचा असतो, पण तो कौन्सिलच्या कारवाईमुळे होणाऱ्या आर्थिक नुकसानापुरता असतो; ओल, कुजलेली लाकडे किंवा असुरक्षित वायरिंग यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय या कामाविषयी कौन्सिलशी कोणीही संपर्क साधलेला नसावा, अशी त्याची नेहमीची अट असते. म्हणून चौकशीचा पहिला फोन कौन्सिलला करण्याआधी वकिलाशी बोलून कोणता मार्ग धरायचा ते ठरवावे. तो फोन झाल्यावर विम्याचा पर्याय बहुधा उरत नाही.